गुरुदेव रानडे आणि मनाचा तळ

बेळगावच्या हिंदवाडी भागात गुरुदेव रानडे यांच्या नावाचे जे मंदिर आहे, त्याच्यासमोरून आमच्या वाचकांपैकी बहुतेक जण कधी ना कधी गेलेले असतील. कित्येकांनी तेथील व्याख्यानेही ऐकली असतील. निपाणी, चिकोडी, खानापूर या बाजूच्या मंडळींना मात्र गुरुदेव म्हणजे निंबाळचे एक सत्पुरुष एवढीच ओळख असावयाची. आणि पुण्याकडील विद्वानांना ते उपनिषदांवर इंग्रजीत मोठा ग्रंथ लिहिणारे प्राध्यापक म्हणून ठाऊक असावयाचे. दोन्ही ओळखी खऱ्या आहेत. परंतु त्यांच्या आयुष्यात जो एक प्रश्न तरुणपणापासून उभा राहिला, तो या दोन ओळखींच्या मध्ये कोठेतरी पडून राहतो. नामस्मरण करीत असता साधकाला जो प्रकाश दिसतो, जो नाद ऐकू येतो, जे रूप समोर उभे राहते, ते परमेश्वराकडून आलेले असते की साधकाच्याच मनाच्या तळातून वर आलेले असते, हा तो प्रश्न होय.

हा प्रश्न आता केवळ पंडितांचा राहिलेला नाही. घरातील आजी पहाटेच्या जपानंतर आपणांस काही दिसले असे सांगते. महाविद्यालयात शिकणारा नातू तो अबोध मनाचा खेळ आहे म्हणून हसण्यावारी नेतो. तिसरे कोणी त्याच गोष्टीचा चमत्कार करून चार गावची माणसे गोळा करते. या तिघांनाही विचार करावयास लावील असे काही गुरुदेवांच्या चरित्रात आहे, असे आम्हांस वाटते. म्हणून त्या एकाच अंगाने ते चरित्र येथे सांगण्याचे योजिले आहे.

रामचंद्र दत्तात्रेय रानडे यांचा जन्म ३ जुलै १८८६ रोजी जमखंडी येथे झाला. जमखंडी त्या वेळी पटवर्धनांचे संस्थान होते. राजा मराठी, रयत बहुतांशी कानडी, कचेरीत एक भाषा आणि बाजारात दुसरी, असा तो मुलूख. आपल्या सीमाभागातील वाचकांना हे चित्र समजावून सांगण्याची गरज नाही. एकाच ओसरीवर सकाळी दासबोध वाचला जातो आणि संध्याकाळी दासांची पदे म्हटली जातात, यात येथे कोणालाच नवल वाटत नाही. पुढे गुरुदेवांनी मराठी, हिंदी आणि कानडी या तिन्ही भाषांतील संतांचा एकाच दृष्टीने अभ्यास केला, त्याचे मूळ या मातीत आहे.

ज्या परंपरेत त्यांना नाम मिळाले तीही अशीच दोन भाषांच्या शिवेवर वाढलेली. तिचे आद्य पुरुष निंबरगी महाराज हे लिंगायत समाजातले आणि त्यांचा बोध कानडीत. त्यांच्या परंपरेतील भाऊसाहेब महाराज हे जत भागातील उमदी गावचे देशपांडे. दासबोधावर त्यांची अपार श्रद्धा. भाऊसाहेब रात्र रात्र नामस्मरणाला उभे राहत, असे सांगतात. एवढा कठोर साधक जमखंडीला येत असे, आणि १९०१ साली पंधरा वर्षांच्या रामचंद्राने त्यांच्यापासून नाम घेतले.

त्यामागे काही मोठे वैराग्य होते असे कोणी समजू नये. मुलगा परशुरामभाऊ हायस्कुलात शिकत होता, मॅट्रिकची परीक्षा जवळ आलेली होती, आणि नामाने परीक्षेत यश येते असे त्याच्या कानावर आलेले होते, असे चरित्रकार सांगतात. आम्हांस ही हकीगत फार आवडते. परीक्षेच्या दिवसांत मारुतीच्या पारावर आपल्या मुलांची जी गर्दी होते, तीच ही भावना. १९०२ साली तो उत्तम रीतीने उत्तीर्ण झाला, संस्कृतातील जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्याला मिळाली, आणि पुढील शिक्षणासाठी तो पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाला. तेथे १९०७ साली बी. ए. झाले ते गणित हा विषय घेऊन. या गणिताची आठवण वाचकांनी ठेवावी. पुढे ती उपयोगी पडणार आहे.

१९०९ च्या सुमारास या तरुणावर मोठे संकट आले. त्यांना असाध्य दुखणे जडले. मेंदूलाच क्षयाची बाधा झाली होती, असे म्हणतात. देह खंगला, वाचन सुटले, वैद्य-डॉक्टरांनी आशा सोडली. अशा स्थितीत त्यांना धरावयास एकच वस्तू उरली होती, आणि ती म्हणजे परीक्षेसाठी घेतलेले ते नाम. दुखण्यातून ते उठले. पण प्रकृती जन्मभर तोळामासाच राहिली. आहार अगदी थोडा, शरीर काडीसारखे. मात्र नामाविषयीचा त्यांचा भाव आता निराळा झाला होता. पूर्वी नाम हे साधन होते आणि परीक्षा हे साध्य. दुखण्यानंतर नाम हेच साध्य झाले.

येथे चिकित्सक वाचक थांबेल, आणि त्याने थांबावेच. ज्याच्या मेंदूलाच दुखणे झाले आहे, त्याला काही दिसले, काही ऐकू आले, तर ते दुखण्याचेच लक्षण कशावरून नव्हे? मरणाच्या भयाने ग्रासलेल्या तरुण मनाने आपल्या आधारासाठी स्वतःच एक देव उभा केला नसेल कशावरून? हे प्रश्न आम्ही आमच्या पदरचे घालीत नाही. ज्या काळात हा तरुण पुण्यात अंथरुणाला खिळून होता, त्याच काळात युरोपातील काही डॉक्टर नेमके हेच प्रश्न विचारीत होते. १९०९ च्या सप्टेंबरात व्हिएन्नाचे डॉक्टर सिग्मंड फ्रॉइड आणि त्यांचे स्विस सहकारी कार्ल युंग अमेरिकेतील क्लार्क विद्यापीठात व्याख्याने देण्यास गेले, आणि मनोविश्लेषण हे नाव तेथपासून जगभर झाले.

या विद्येचे म्हणणे थोडक्यात असे. आपणांस जे मन ठाऊक असते ते तलावाच्या पाण्याचा वरचा थर होय. खाली खोल पाणी आहे. तेथे काय चालले आहे हे आपणांस कळत नाही. परंतु स्वप्नांत, बोलण्याच्या चुकांत, दुखण्यांत आणि पुराणकथांत ते वर येते. या खालच्या भागाला अबोध मन असे म्हणतात. फ्रॉइडच्या मते दडपून टाकलेल्या वासनांचा तो साठा आहे. लहान मूल जसे असहाय असते आणि बापाच्या आधाराने धीट होते, तसा मोठा माणूस सृष्टीपुढे असहाय होऊन आकाशात एक मोठा बाप कल्पितो, आणि त्यालाच देव म्हणतो, असे त्यांनी प्रतिपादिले. १९२७ साली त्यांनी या विषयावर स्वतंत्र पुस्तकच लिहिले व धर्माला भ्रम ठरविले. ते वाचून फ्रेंच साहित्यिक रोमाँ रोलाँ यांनी त्यांना पत्र लिहिले, आणि सागरात मिसळून गेल्यासारखी जी अमर्याद एकत्वाची भावना असते, धर्माचा खरा झरा तिच्यात आहे, असे सुचविले. रोलाँ त्या वेळी रामकृष्ण परमहंसांच्या चरित्राच्या अभ्यासात गढलेले होते. फ्रॉइड यांनी १९३० च्या पुस्तकात याचा विचार केला. पण अशी भावना आपणांस स्वतःमध्ये आढळत नाही हे सांगून, ती तान्ह्या बालकाच्या अवस्थेची उरलेली खूण असावी असा निकाल दिला. पोहता न येणाऱ्याने डोहाचे माप सांगावे, तसा हा प्रकार आम्हांस वाटतो. परंतु फ्रॉइड यांचा प्रामाणिकपणा मोठा होता हेही नमूद केले पाहिजे. जे आपण अनुभविले नाही ते अनुभविले असे त्यांनी दाखविले नाही.

युंग यांची गोष्ट वेगळी. ते धर्मोपदेशकाचे पुत्र. आपल्या रुग्णांच्या स्वप्नांत त्यांना अशी चित्रे आढळू लागली की जी त्या रुग्णांनी कधी वाचलेली नव्हती, आणि तरी ती दूरदेशीच्या जुन्या पुराणांतील चित्रांशी जुळत होती. महामाता, नाग, दिव्य बालक, वृद्ध ज्ञानी, मंडल. यावरून त्यांनी असे अनुमान काढले की एकट्या माणसाच्या अबोध मनाखाली सर्व मानवजातीचे एक समाईक अबोध मन आहे आणि ही आदिरूपे तेथे वसतात. या दृष्टीने पाहता सौंदत्तीच्या डोंगरावरील यल्लम्मा, वारुळाला दूध घालणारी नागपंचमी आणि पाळण्यातील बाळकृष्ण या काही कोणी रचलेल्या गोष्टी नव्हेत. मनुष्याचे मनच त्या भाषेत बोलते. धर्म म्हणजे मनाचा रोग असे फ्रॉइड म्हणत; युंग यांना धर्म तुटल्यामुळे मन रोगी झालेले दिसले. या मतभेदातून १९१३ पर्यंत दोघांचे मार्ग वेगळे झाले. परंतु युंग यांनी एक मर्यादा कटाक्षाने पाळली. मनात देवाची प्रतिमा आहे आणि ती प्रभावी आहे, एवढेच शास्त्रज्ञ म्हणून मी सांगू शकतो. त्या प्रतिमेच्या पलीकडे कोणी आहे की नाही, हे सांगणे माझ्या शास्त्राचे काम नव्हे, अशी त्यांची भूमिका होती.

आता पुण्याकडे वळू. रानडे यांनी १९१४ साली तत्त्वज्ञान घेऊन एम. ए. केले आणि त्यात सुवर्णपदक मिळविले. त्याच वर्षी भाऊसाहेब महाराजांनी इंचगेरी येथे देह ठेवला. फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी काही वर्षे अध्यापन केले, ग्रीक तत्त्वज्ञानावर लेख लिहिले, आणि प्रकृतीच्या कारणाने १९२४ साली नोकरी सोडली. त्याच सुमारास पुण्यात तत्त्वज्ञान आणि धर्म यांच्या अभ्यासाची संस्था त्यांनी स्थापन केली. पुढे १९३६ साली राधाकृष्णन आणि म्यूरहेड यांनी संपादित केलेल्या ग्रंथात त्यांनी आपल्या विचारांचा इतिहास लिहिला. त्यातील एक गोष्ट आमच्या विषयाला अत्यंत महत्त्वाची आहे. आपल्या बाबतीत परमार्थ आधी आला आणि तत्त्वज्ञान मागाहून आले, असे त्यांनी तेथे स्पष्ट केले आहे. नाम घेताना त्याला तत्त्वज्ञानाचा आधार हवा असे त्यांना वाटले नव्हते. परंतु अनुभव येऊ लागल्यावर तो बुद्धीच्या कसोटीस उतरतो की नाही, हे पाहण्याची निकड त्यांना भासू लागली. साध्या भक्ताला ही निकड भासत नाही, आणि तसे नसण्यात कमीपणाही नाही. परंतु ज्याने गणित शिकले आहे, त्याला उत्तर बरोबर आले एवढ्याने भागत नाही. ते कसे आले हे मांडून दाखवावे लागते.

ही मांडणी १९२६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या उपनिषदांवरील ग्रंथात दिसते. या ग्रंथात मानसशास्त्राला स्वतंत्र प्रकरण दिलेले आहे हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. साधे मानसशास्त्र, असामान्य अवस्थांचे मानसशास्त्र आणि आत्म्याविषयीचे विवेचन असे त्याचे तीन भाग त्यांनी पाडले आहेत. झोप का लागते, स्वप्नात रथ नसता रथ कोण निर्माण करतो, मरणाच्या वेळी मनाचे काय होते, या प्रश्नांवर ऋषींनी काय निरीक्षणे केली ती त्यांनी एका अभ्यासकाच्या शांतपणे तपासली आहेत. युरोपात अबोध मनाचा शोध लागला तो नवा. परंतु मनाचा तळ शोधण्याची खटपट आपल्याकडे किती जुनी आहे, हे हे प्रकरण वाचताना उमगते.

छांदोग्य उपनिषदातील एक दृष्टान्त येथे आठवतो. शेतात सोन्याचा ठेवा पुरलेला आहे. ज्यांना जमिनीची पारख नाही ते रोज त्यावरून ये-जा करतात आणि त्यांना ठेव्याचा पत्ता नसतो. तसे सर्व जीव रोज गाढ झोपेत ब्रह्मलोकी जाऊन येतात आणि त्यांना ते कळत नाही. पायाखाली अशी एक जागा आहे जेथे आपण रोज जातो पण जी आपणांस ठाऊक नाही, इथपर्यंत युंग आणि हा ऋषी एकाच वाटेने चालतात. पुढे वाटा फुटतात. युंग त्या जागी आदिरूपांची चित्रशाळा पाहतात. ऋषी म्हणतो की चित्रे उतरल्यावर जे उरते ते सोने. छांदोग्यातच इंद्राला हे समजावयास प्रजापतीपाशी एकशे एक वर्षे राहावे लागले. स्वप्नातील पुरुष म्हणजे आत्मा, हे उत्तर घेऊन तो एकदा निघालाही होता, पण वाटेत शंका येऊन परत फिरला. स्वप्नावर न थांबणारा असा विद्यार्थी मनोविश्लेषकांनाही आवडला असता.

आता नादाचे उदाहरण घेऊ, कारण गुरुदेवांची चिकित्सक वृत्ती तेथे उत्तम दिसते. बृहदारण्यकात असे सांगितले आहे की मनुष्याच्या पोटात अन्न पचविणारा जो वैश्वानर अग्नी आहे, त्याचा घोष कान झाकले असता ऐकू येतो, आणि मरण जवळ आले म्हणजे तो ऐकू येईनासा होतो. हे विधान वेदवाक्य म्हणून डोळे मिटून स्वीकारणारा भाष्यकार सहज मिळाला असता. उलट, बघा, तुमचा अनाहत नाद म्हणजे पोटातील गडबड, असे म्हणणारा टीकाकारही मिळाला असता. गुरुदेवांनी दोन्ही केले नाही. साधकाला येणारा नाद कान झाकण्यावर अवलंबून नसतो. तेव्हा पचनाचे हे स्पष्टीकरण त्याला पुरे पडत नाही, अशी त्यांची दृष्टी. म्हणजे श्रुतीतील स्पष्टीकरणसुद्धा त्यांनी अनुभवाच्या मापाने मोजले. श्वेताश्वतरात धुके, धूर, सूर्य, वायू, अग्नी, काजवे, वीज, स्फटिक, चंद्र अशी जी दर्शने योग्याला प्रथम होतात म्हणून सांगितली आहेत, त्यांचाही विचार त्यांनी याच रीतीने केला. ही वाटेवरची चिन्हे होत, मुक्काम नव्हे. काजवा दिसला म्हणून साधकाने बिछाना पसरू नये.

तथापि चिन्हे वाटेवरची आहेत हे तरी कशावरून? मनाने रचलेले चित्र आणि खरा साक्षात्कार यांत निवड कशी करावयाची? या प्रश्नाला त्यांनी सविस्तर उत्तर दिले ते १९३३ साली प्रसिद्ध झालेल्या महाराष्ट्रातील संतांच्या साक्षात्कारावरील ग्रंथात. ज्ञानदेवांपासून रामदासांपर्यंतचा हा इतिहास. ज्ञानदेवांना त्यांनी बुद्धिप्रधान साक्षात्काराचे प्रतिनिधी मानले, नामदेवांच्या काळात तो सर्व जातींच्या लोकांपर्यंत पोहोचला असे दाखविले, एकनाथांत समन्वय पाहिला, तुकोबांत व्यक्तिगत तळमळ आणि रामदासांत कर्तृत्व. ग्रंथाच्या प्रस्तावनेतच कसोटीचा विचार आहे. तो आम्ही आमच्या शब्दांत देतो.

साक्षात्कार म्हणजे जादूटोणा नव्हे, गुप्त सिद्धी नव्हे. तो परमेश्वराचा प्रत्यक्ष, मधल्या कोणावाचून झालेला अनुभव होय. तो खरा असेल तर प्रथम तो एकट्या माणसाचा लहरी अनुभव असणार नाही. देश, काळ, भाषा, धर्म यांनी दूर असलेले साधक एकमेकांना न ओळखता तीच गोष्ट सांगतील. दुसरे, अशा पुरुषाची बुद्धी मंद होणार नाही, ती अधिक तेजस्वी होईल. बुद्धीला रजा देणारी भक्ती केव्हा भ्रमात जाईल याचा नेम नाही. तिसरे, त्याच्या भावना शुद्ध व उत्कट होतील. चौथे, त्याचे आचरण सुधारेल, आणि समाजाच्या उपयोगी जो पडत नाही त्याला खरा साक्षात्कारी म्हणताच येणार नाही. या सर्वांच्या मुळाशी अंतर्ज्ञानाची शक्ती असते; ती बुद्धी, भावना आणि इच्छा यांच्या विरोधात उभी राहत नाही, तिघींना आपल्या पोटात घेते.

पहिली कसोटी आणि युंग यांचे समाईक अबोध मन यांत किती जवळीक आहे पाहा. दोघेही एकच वस्तुस्थिती हाती घेतात, ती ही की दूरदूरची माणसे तेच पाहतात. युंग त्यावरून मनुष्यमात्राचे मन तळाशी एक आहे असे म्हणतात. गुरुदेव त्यावरून ज्याला पाहिले तो एक आहे असे म्हणतात. नुसत्या तर्काने या दोहोंतील एक निवडता येईल, असे आम्हांस वाटत नाही. निवड होते ती पुढच्या कसोट्यांवर. अबोध मनातील चित्र वर आले तर मनुष्य चकित होईल, घाबरेल, कदाचित बराही होईल. परंतु त्याचा लोभ सुटेल का, शेजाऱ्याविषयीचा द्वेष जाईल का? युंग यांनीही या अंगाला महत्त्व दिले. मनाच्या तळाशी जाऊन आल्यावर मनुष्य अधिक पूर्ण व्हावयास हवा, असे त्यांचे म्हणणे. आदिरूपांशी आपण एकरूप झालो असे मानणारा मनुष्य फुगतो आणि बुडतो, हा इशारा त्यांनी वारंवार दिला. आपल्या गावातील बुवाबाजी पाहिलेल्या माणसाला त्याचे भाष्य नको.

तुकोबांवरील त्यांचे विवेचन तर या दृष्टीने अवश्य वाचावे. दुष्काळ, पत्नीचा मृत्यू, बुडालेला व्यापार, देव भेटत नाही म्हणून जीव नकोसा होणे, आणि मग आनंदाचा पूर, अशा क्रमाने त्यांनी तुकोबांच्या अभंगांतून आतल्या प्रवासाचे टप्पे लावून दाखविले आहेत. मधल्या अंधाऱ्या टप्प्याला त्यांनी स्पेनमधील संत जॉन ऑफ द क्रॉस यांच्या भाषेत आत्म्याची काळोखी रात्र म्हटले. आजचा एखादा डॉक्टर त्यालाच खिन्नतेचा विकार म्हणेल. त्याचे अगदीच चुकते असे नव्हे. लक्षणे तीच आहेत. परंतु त्या रात्रीतून बाहेर पडलेला मनुष्य पुढे पिढ्यान् पिढ्या लाखो लोकांना उजेड दाखवितो, ही गोष्ट विकाराच्या नोंदवहीत कोठे लिहावयाची? उलट बाजूही सांगितली पाहिजे. प्रत्येक खिन्न मनुष्य तुकाराम नव्हे, आणि कानात आवाज येणाऱ्या प्रत्येकाला नाद लागलेला नसतो. घरात कोणी न झोपता बडबडू लागले, खाणेपिणे सोडले, जिवावर उदार झाले, तर त्याला चांगल्या डॉक्टरकडेच नेले पाहिजे. देवाचे निमित्त करून औषध टाळणे यात भक्ती नाही. स्वतः गुरुदेवांच्या दुखण्यातही वैद्य-डॉक्टर झाले होतेच.

दरम्यान, महामहोपाध्याय गंगानाथ झा यांच्या आग्रहावरून ते अलाहाबाद विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक म्हणून गेले होते. अलाहाबादेस त्यांची जवळजवळ वीस वर्षे गेली. सुटी लागली की ते विजापूर जिल्ह्यातील निंबाळच्या माळावर येऊन राहत, आणि कानडी-मराठी साधक तेथे जमत. १९३३ साली त्यांचे गुरुबंधू अंबुराव महाराज गेल्यावर संप्रदायाचा भारही त्यांच्यावर आला. विद्यापीठातील प्राध्यापक आणि माळरानावरील सद्गुरू या दोन भूमिका त्यांनी एकाच वेळी निभावल्या, आणि एकीचा डामडौल दुसरीत आणला नाही.

१९३७ च्या डिसेंबरात युंग हिंदुस्थानात आले. कलकत्त्यास भरावयाच्या विज्ञान परिषदेच्या रौप्यमहोत्सवाचे ते निमंत्रित होते. काशी, अलाहाबाद आणि कलकत्ता या तीन विद्यापीठांनी त्यांना सन्मान्य पदव्या दिल्या. ज्या विद्यापीठात गुरुदेव साक्षात्काराचे तत्त्वज्ञान शिकवीत होते, त्याच विद्यापीठाने मनाच्या तळाचा शोध घेणाऱ्या या स्विस पंडिताचा गौरव केला, हा योग लक्षात राहण्याजोगा आहे. युंग सांचीला गेले, कोणार्कला गेले, कलकत्त्यास पोटाच्या दुखण्याने दहा दिवस रुग्णालयात पडून राहिले, आणि दक्षिणेत त्रावणकोरपर्यंत उतरले. परंतु अरुणाचलाच्या पायथ्याशी रमण महर्षी असताना त्यांच्या दर्शनाला मात्र ते मुद्दाम गेले नाहीत. दुसऱ्याचे सत्य उसने घेता येत नाही, आपल्याला आपल्याच मार्गाने गेले पाहिजे, असे त्यांना वाटले, आणि हे त्यांनी पुढे आठवणींत लपविले नाही. कोणी याला गर्व म्हणतील. आम्हांस त्यात एक भीतीही दिसते. चित्रशाळा आयुष्यभर पाहिलेल्या माणसाला, चित्रे नाहीत अशा दालनाच्या दाराशी उभे राहण्याचे धैर्य कदाचित झाले नसेल. म्हातारपणी, १९५९ साली, देवावर श्रद्धा आहे का असे त्यांना विचारले गेले तेव्हा, श्रद्धेची आपल्याला गरज नाही, आपण जाणतो, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले. त्या उत्तराने युरोपात पुष्कळ खळबळ झाली. निंबाळला झाली नसती. मानणे आणि जाणणे यांतील अंतर हाच तर आपल्या उपनिषदांचा विषय होय.

१९४६ साली अलाहाबादची सेवा संपवून गुरुदेव कायमचे निंबाळला आले. त्या वेळी ते विद्यापीठाचे कुलगुरुपद सांभाळीत होते. निंबाळच्या रेल्वे स्थानकाजवळचा तो आश्रम आजही आहे. उतारवयात त्यांनी हिंदी संतांवर लिहिले. १९५४ साली तो ग्रंथ प्रसिद्ध झाला. कानडी संतांवरील त्यांचा ग्रंथ मात्र त्यांच्यामागे, १९६० साली प्रसिद्ध झाला. बसवण्णा, अक्कमहादेवी, पुरंदरदास आणि तुकोबा यांचा अनुभव एकाच जातीचा आहे, हे तीन भाषांतून दाखवून देणे म्हणजे त्यांच्या पहिल्या कसोटीचाच पुरावा गोळा करणे होते. सीमेच्या दोन्ही अंगांना भाषेवरून कटुता वाढत होती, त्याच दशकात हा वृद्ध, कृश मनुष्य दोन्ही भाषांतील संतांची पदे शेजारी शेजारी मांडीत बसला होता, ही गोष्ट आम्हा सीमाभागातील लोकांना विशेष वाटते.

आपल्या अनुभवांविषयी ते फारसे बोलत नसत. ग्रंथांत संतांचे अनुभव शेकड्याने सापडतील, स्वतःचे जवळजवळ नाहीत. कसोट्या इतक्या काटेकोर लावणाऱ्याने स्वतःला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करावे आणि न्यायाधीशाच्या आसनावर बसू नये, हे त्यांच्या स्वभावाला धरूनच होते.

६ जून १९५७ रोजी निंबाळ येथे त्यांनी देह ठेवला. नंतर बरोबर चार वर्षांनी, ६ जून १९६१ रोजी, स्वित्झर्लंडमध्ये झुरिक सरोवराच्या काठी युंग वारले. बेळगावची ॲकॅडमी ऑफ कंपॅरेटिव्ह फिलॉसफी अँड रिलिजन ही संस्था गुरुदेवांच्या हयातीतच, १९५२ साली, सुरू झाली होती. ‘पाथवे टू गॉड’ या नावाचे तिचे इंग्रजी त्रैमासिक १९६६ पासून निघू लागले. संतांच्या निवडक वेच्यांची त्यांनी तयार केलेली मराठी वचनामृते वाचणे इंग्रजी ग्रंथांपेक्षा सोपे आहे. ज्यांना आरंभ करावयाचा असेल त्यांनी ज्ञानेश्वर वचनामृत प्रथम हाती घ्यावे, आणि तुकारामांचे त्यानंतर.